चार नंबरची बाटली

गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर त्या गावचे लोक भांडायला येतील, आणि नाही सांगितलं तर आणखी दहा गावचे येतील, "हे आमचंच कॉलेज दिसतंय" म्हणून. येऊ द्या. रेणापूर तालुक्यात, लातूरच्या रस्त्यापासून सहा-सात किलोमीटर आत एक गाव आहे एवढं पुरे. गावात एका संस्थेचं बारावीपर्यंतचं विद्यालय आहे, त्याला सगळे कॉलेजच म्हणतात. त्या कॉलेजात वैजनाथमामा एकोणतीस वर्षं प्रयोगशाळा परिचर होते. परिचर म्हणजे कोण, तर परीक्षानळ्या धुणारा, ॲसिडच्या बाटल्या भरणारा, बेसिन तुंबलं की कोपरापर्यंत हात घालणारा माणूस. पगारपत्रकात त्यांचं नाव खालून दुसरं.

शिकलेले नववी. पण त्या खोलीत त्यांच्याइतका वेळ कोणीच उभं राहिलेलं नव्हतं, शिकवणारेसुद्धा नाहीत. रसायनाचे व्यंकट सर राहायला लातूरला. तिथं त्यांचे क्लास. गावाकडं आठवड्यातून दोनदा यायचे, हजेरी घ्यायचे, जर्नलात काय उतरवायचं ते फळ्यावर लिहून द्यायचे आणि परतीचा रस्ता धरायचे. पोरं उतरवायची. जर्नल पूर्ण झालं की विज्ञान झालं. हे असं कुठं चालत नाही ते मला दाखवा, मी त्या गावच्या पाया पडायला येतो.

आणि बारावीच्या प्रॅक्टिकल परीक्षेला मामा कानात सांगायचे.

ज्यांनी सायन्स घेतलं नाही त्यांच्यासाठी थोडं उलगडून सांगतो. परीक्षेत प्रत्येक पोराला कागदाच्या पुडीत चिमूटभर सॉल्ट मिळतं. पांढरी किंवा रंगीत भुकटी. पाण्यात विरघळवून, ॲसिड घालून, ज्योतीत धरून ते कोणतं रसायन आहे ते ओळखायचं. कपाटात अशा अठरा बाटल्या होत्या, बाटल्यांवर नुसते नंबर. कोणत्या नंबरात काय आहे याची यादी बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकाच्या खिशात असायची, आणि मामांच्या डोक्यात. मामा फडकं घेऊन टेबलांमधून फिरायचे. बेसिन पुसता पुसता पोराच्या कानाशी पुटपुटायचे, "चार. बेरियम." की पोरगं बेरियम लिहायचं, आणि खाली पाठ केलेलं निरीक्षण लिहायचं, 'ज्योतीचा रंग हिरवा'. ज्योत पेटवायची तसदी कोण घेतो?

यासाठी मामांनी कधी कोणाचा चहासुद्धा घेतला नाही, हे आधीच सांगून ठेवतो. त्यांना ते पुण्य वाटायचं. "गरिबाची लेकरं हाईत. आपल्या एका शब्दानं कुणाचं भलं होत आसंल तर होऊ द्या की," म्हणायचे. पोरींना तर अगदी आठवणीनं सांगायचे. पोरींना पुढं काय करायचंय, पास होऊन सुखानं सासरी जाऊ द्या, असा सरळ हिशोब. कॉलेजात दरवर्षी सगळ्यांना तीसपैकी तीस. लग्नाकार्यात लोक मामांना हाताला धरून पहिल्या पंगतीला बसवायचे.

मामांना एकच लेक, उज्वला. पोरगी लहानपणापासून बापाच्या मागं मागं प्रयोगशाळेत. बाप नळ्या धुवायचा, ही पुसून रॅकला लावायची. अशी चौकस, की गाळणकागदावर शाईचा थेंब टाकून त्याचे रंग फाकताना तासभर बघत बसायची आणि जेवायला हाक मारली तर ऐकू यायचं नाही. बारावी इथंच केली. प्रॅक्टिकलला तीसपैकी तीस पडले. लेकीला सांगितलं नाही तर कोणाला सांगणार? मग नांदेडला बी.एस्सी.ला गेली, वसतिगृहात राहिली. सायन्स शिकायला गावाबाहेर पडलेली ती गावातली पहिली पोरगी. मामांची छाती तेव्हा अशी फुगली होती की सदऱ्याची बटणं कशी टिकली देव जाणे.

पहिलं वर्ष संपायच्या आत ती परत आली. प्रॅक्टिकलला नापास. एकदा नव्हे, दोनदा. मामांनी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "तितं कुणी कानात सांगत न्हाई, दादा." बापाला ती दादा म्हणे. एवढंच बोलली आणि आत गेली. पुढच्या वर्षी देगलूरकडचं स्थळ आलं, लग्न झालं.

या गोष्टीला बारा वर्षं झाली. एका पोरीचं शिक्षण सुटलं, अशा शंभर सुटतात, असं म्हणून ती विसरली गेली असती तर बरं होतं. पण गाव विसरत नाही. दहावी झालेली एखादी पोरगी म्हणायची, मला सायन्स घ्यायचंय, की घरात कोणीतरी म्हणायचंच, "वैजनाथच्या उज्वलाचं काय झालं?" झालं, विषय संपला. प्रयोगशाळेत वाढलेली पोरगी जिथं टिकली नाही, तिथं आपली काय टिकणार? पिठाच्या गिरणीत तेच, बसथांब्यावर तेच, हळदीकुंकवात तेच. पूर्वी अकरावी सायन्सच्या वर्गात सात-आठ पोरी असायच्या. आता दोन, कधी एक. बाकीच्या आर्ट्सला, त्यातल्या निम्म्या वर्ष पुरं व्हायच्या आत मांडवात.

मामांच्या कानावर हे सगळं यायचं. उज्वला का टिकली नाही हे गावात एकट्या त्यांना माहीत होतं. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. उघडली असती तर नोकरी गेली असती आणि लोकांनी तोंडात शेण घातलं असतं. लेकीच्या नावानं गाव बोलायचं आणि बाप खाली मान घालून चहा प्यायचा. मला मामांचा राग येतो तो इथं येतो.

त्या दिवसापासून मामांनी कानात सांगणं सोडलं, असं लिहायला मला फार आवडलं असतं. सोडलं नाही. एकदा प्राचार्यांपुढं चाचरत विषय काढला, तर ते म्हणाले, "निकाल पडला की तुकडी बंद. तुकडी बंद झाली की तुम्ही आम्ही दोघं घरी. फडकं घ्या आणि कामाला लागा." मामा लागले. माणूस एका दिवसात बदलत नाही, आणि नोकरीवाला तर मुळीच नाही. पण आत कुठंतरी टोचत राहिलं, आणि चार वर्षांपूर्वी त्यांनी एक गोष्ट सुरू केली. रविवारी प्रयोगशाळा उघडायची. कोणाला न विचारता. फक्त पोरींसाठी.

पहिल्या रविवारी दोघी आल्या. आणि सोमवारी गावात कुजबुज, की सुटीच्या दिवशी पोरी तिथं काय करून राहिल्यात? मामांनी त्यावर उपाय काढला. खिडक्या-दारं सताड उघडी, आणि दारातच पायरीवर त्यांची बायको तारामती तूर निवडत बसलेली. येणारा-जाणारा बाईमाणूस तिच्याशी दोन शब्द बोलून आत डोकावून जायचा. आत काय, तर पोरी दिव्यावर नळ्या धरून उभ्या. महिनाभर डोकावून लोक कंटाळले.

शिकवणारा नववी पास, म्हणून हसू नका. एकोणतीस वर्षांत मामांनी किती मास्तरांचं ऐकलं होतं, किती जर्नलं चाळली होती. कशात काय घातलं की काय होतं, हे त्यांच्या हातांना माहीत होतं. का होतं ते माहीत नव्हतं. ते म्हणायचे, "का व्हतं ते तुमी पुस्तकात बगा आन् मला बी सांगा." परीक्षेच्या अठरा बाटल्यांना मात्र रविवारी हात लावायचा नाही, हा त्यांनीच घालून घेतलेला नेम. ती लबाडी झाली असती. न्हाव्याकडून तुरटी आणायची, पानवाल्याकडून चुना, फवारणीचा मोरचूद कोणाच्यातरी शेतातून. ज्योतीत धरायला जळक्या शेगडीच्या कॉइलची तार. ती तार ॲसिडात बुडवायची, भुकटीला लावायची आणि दिव्याच्या ज्योतीत धरायची. मोरचुदाची ज्योत हिरवट निळी, चुन्याची विटेसारखी लाल. मामांचा एकच धोशा, "दिसतंय ते लिवा. पुस्तकातलं नका लिवू."

दीपाली तिसऱ्या वर्षी यायला लागली. वाडीवरची पोर, रोज तीन किलोमीटर चालत यायची. घरात कारभार आजोबांचा, सटवाजींचा. सोयाबीन आणि तुरीची जमीन, म्हातारा करारी, शब्दाला पक्का आणि जिभेनं तिखट. नातीला सायन्स घेऊ दिलं, कारण पोरीनं दोन दिवस अन्न सोडलं. पण बारावीच्या प्रॅक्टिकलआधी म्हाताऱ्यानं साफ सांगून टाकलं, "तितं समद्यायला तीसपैकी तीस पडतेत. तुला बी पडले तर खुशाल नांदेडला जा, मी सोता सोडायला येतो. एक जरी कमी पडला, तर समजायचं तुजं बी उज्वलासारकंच. मंग मी बगितलेल्या पोराला हो म्हणायचं."

आता बघा, पेच कसा होता तो. ज्या कॉलेजात ढ पोरालाही तीस मिळतात, तिथं खरोखर प्रयोग करणारी पोरगीच चुकायची शक्यता जास्त. मामांना हे लगेच कळलं. परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांनी दीपालीला बाजूला घेतलं.

"दीपे, एक डाव ऐक माजं. उद्या नंबर कळला की मी सांगून टाकतो. तू तुज्या टेस्टा कर, पर उत्तर माजं लिव. पुढं नांदेडला काय करायचं ते कर."

"नका सांगू, मामा."

"आगं, तुज्या आज्ज्यानं..."

"तुमी सांगितलं तर मी कानात बोटं घालीन. समद्यायसमोर." आणि ती गेली. मामा म्हणायचे, त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. पोरगी नापास झाली असती तर हे दुसरं पाप. सांगून पास झाली असती तर ते उज्वलाचंच पाप पुन्हा.

परीक्षक आले ते उदगीरकडचे, संगमेश सर. नाकावर चष्मा, कमी बोलणारे, चहाला नाही म्हणणारे. अशा माणसाला कॉलेज घाबरतं. सकाळच्या तुकडीत चार नंबरची पुडी पाच पोरांना आली. मामांनी नेहमीसारखं फडकं फिरवलं, पाचही पोरांनी बेरियम लिहिलं, ज्योत हिरवी लिहिली, पाचही बरोबर. दुपारच्या तुकडीत पुड्या वाटल्या आणि दीपालीच्या पुढ्यात आला चार नंबर.

मामा तिच्या टेबलाजवळून दोनदा गेले. फडकं हातात. तिनं मान वर केली नाही. दिवा पेटवला, तार धरली. मामा मुद्दाम पाठमोरे झाले, रॅकमधल्या नळ्या उगाच इकडच्या तिकडं करत राहिले. 'बेरियम सापडू दे रे बाबा,' एवढंच त्यांच्या मनात. सोपं सॉल्ट. ज्योत हिरवी की झालं.

तासाभरानं तोंडी परीक्षेला तिचा नंबर आला. संगमेश सरांनी पेपर बघितला, खिशातली यादी बघितली, पुन्हा पेपर बघितला.

"स्ट्रॉन्शियम?"

"हो, सर."

"ज्योतीचा रंग किरमिजी लाल, असं लिहिलंयस. पुस्तकातून उतरवलंस का?"

"न्हाई सर. दिसला."

"तुझ्या सॉल्टचा नंबर चार आहे. सकाळी पाच जणांना हाच नंबर होता. पाच जणांना हिरवी दिसली. तुला एकटीला लाल कशी दिसली?"

दीपाली हळूच म्हणाली, "तीनदा बगितलं सर. हिरवी न्हाई."

व्यंकट सर शेजारीच बसले होते. माणूस वाईट नाही, गोड बोलणारा. ते पुढं वाकले आणि म्हणाले, "बेटा, गडबडीत होतं असं. हा घे पेन. खोड आणि बेरियम लिही. सर समजून घेतील." संगमेश सर काही बोलले नाहीत. म्हणजे लिहू दिलं असतं. दारातून प्राचार्य हातानं खुणा करत होते, लिही, लिही. बाहेर लिंबाखाली सटवाजी काठी टेकून बसला होता, निकाल कानावर घेऊनच उठायचं म्हणून.

एका शब्दाचं काम होतं. दीपालीनं पेन हातात घेतलं. तिनं मामांकडं बघितलं. मामांना ती नजर ओळखीची होती, एकोणतीस वर्षांत शेकडो पोरांनी त्यांच्याकडं तसंच बघितलं होतं. सांगा, मामा. दीपालीचं बघणं मात्र थोडं निराळं होतं. उत्तर तिला नको होतं. आपण वेडी तर नाही ना, एवढंच तिला विचारायचं होतं.

"सर," मामा म्हणाले, "तिला माज्यासमोर एकदा तार धरू द्या."

परिचरानं परीक्षेत बोलायचं नसतं. व्यंकट सर खेकसले. पण संगमेश सरांनी मान हलवली. दीपालीनं तार ॲसिडात बुडवली, भुकटीला टेकवली, ज्योतीत धरली. ज्योत लाल झाली. चुन्याची विटकरी लाल नव्हे, कुंकवाच्या रंगाची. सगळ्या खोलीला दिसली.

आणि मामांना तो दिवस आठवला. पंधरा वर्षांपूर्वी पत्र्यातून गळून कपाटात पाणी शिरलं होतं. लातूरहून आणलेल्या रसायनांच्या पिशव्यांवरची लेबलं भिजून गेली होती. चार नंबरची बाटली रिकामी होती. त्यांनी एक पिशवी हातात धरून विचारलं होतं, यात काय हाय कळंना, काय करू? व्यंकट सर गाडीला किक मारता मारता म्हणाले होते, पांढरंच आहे ना? टाका चारमध्ये. मामांनी टाकलं. पंधरा वर्षं त्या बाटलीला सगळे बेरियम म्हणत होते. पंधरा वर्षांत दीडशे-दोनशे पोरांनी तिची ज्योत हिरवी लिहिली होती. एकानंही ती पेटवून बघितल्याचं मामांना आठवत नव्हतं. आणि बघितली नाही, कारण मामा सांगत होते.

पाच महिन्यांवर निवृत्ती आलेली. गप्प बसले असते तर कोणाला काय कळणार होतं?

"सर, पोरीचं बरोबर हाय," मामा म्हणाले. "बाटली चूक हाय. ती मी भरली. लेबल नसलेली पिशवी मी वतली. आन् सकाळच्या पाच पोरायला हिरवी ज्योत दिसली न्हाई, सर. त्यायनं पेटवलीच न्हाई. मी कानात सांगितलं. आज न्हाई, एकोणतीस साल सांगतोय."

व्यंकट सरांचं नाव मामांनी घेतलं नाही. व्यंकट सर खिडकीतून बाहेर बघत राहिले, जणू बाहेर फार महत्त्वाचं काही चाललंय. तेही लिहून ठेवायला पाहिजे, म्हणून लिहिलं.

संगमेश सर उठले. स्वतः तार धरली. लाल. आणखी दोन चाचण्या केल्या. दोन्ही स्ट्रॉन्शियमच्या. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी या कॉलेजला तिसऱ्यांदा येतोय," ते म्हणाले. "मीही यादी बघूनच मार्क देत होतो." सकाळची पाच पोरं बोलावून घेतली, एकेकाच्या हातात तार दिली. पाचांपैकी तिघांना तार कशी धरायची हेही माहीत नव्हतं. दीपालीला तीसपैकी तीस मिळाले, आणि मामांना कोरा कागद, जबाब लिहून द्यायला. मामांनी वळणदार अक्षरात सगळं लिहिलं, खाली सही केली.

बाहेर आले तर सटवाजी उभा. आतली गडबड त्याच्या कानावर गेलीच होती.

"तीस पडले तुज्या नातीला," मामा म्हणाले. "सटवाजी, आन् एक ऐक. माजी उज्वला ढ न्हवती. तिला मी शिकूच दिलं न्हाई. हितं उत्तर सांगत गेलो, तितं नांदेडला तिच्या हाताला काई येईना. बारा साल गाव तिचं नाव घेतंय, ते नाव माजं घ्यायला पायजे व्हतं."

म्हातारा काठीवर दोन्ही हात ठेवून बघत राहिला. "बारा साल," तो म्हणाला. "माज्या दोन नाती मी आर्ट्सला घातल्या तुज्या उज्वलाकडं बोट दावून. दोगी बी आज दुसऱ्याच्या घरी भाकरी थापून राहिल्यात. तव्हा कामून बोलला न्हाईस, वैजनाथ?"

म्हाताऱ्यानं उत्तराची वाट बघितली नाही. दीपालीला म्हणाला, चल. जाता जाता पोरीनं वाकून मामांचे पाय धरले. आजोबानं बघितलं, पण अडवलं नाही. जूनमध्ये तो खरंच तिला नांदेडला सोडून आला.

बाकीचं व्हायचं ते झालं. संस्थेनं मामांना निलंबित केलं, चौकशी बसवली, निवृत्तीचे कागद अडकले. प्राचार्य गावभर सांगत सुटले की वैजनाथच्या डोक्यावर परिणाम झालाय. पाच पोरांचे बाप दारात येऊन शिव्या देऊन गेले. पहिल्या पंगतीला बसवणारे लोक आता रस्ता बदलून जायचे. तारामतीनं एका शब्दानं विचारलं नाही की असं का केलंत. तिनं फक्त एवढंच म्हटलं, "गावाला सांगितलं. पोरीला कव्हा सांगणार?"

म्हणून मामा एके दिवशी सकाळच्या एसटीनं निघाले. लातूर, उदगीर, देगलूर. तिथून रिक्षानं उज्वलाच्या गावी. लेक ओसरीवर सुपात भुईमुगाच्या शेंगा घेऊन फोडत बसली होती. बापाला असं अचानक बघून दचकली, पाणी आणलं, आईची खुशाली विचारली. मामांनी पाणी तसंच ठेवलं आणि सगळं सांगितलं. परीक्षा, पुडी, दीपाली, जबाब. आपण गावात काय कबूल केलं ते. वाटेत जुळवून ठेवलेले माफीचे शब्द तोंडाशी आले होते, तेवढ्यात उज्वलाचे हात थांबले.

"कोणती बाटली म्हणलात?"

"चार नंबरची."

"कव्हापासून चूक व्हती?"

"पंदरा साल झाले."

तिनं हातातली शेंग सुपात टाकली. "मला बी चारच आली व्हती, दादा."

"म्हाईत हाय बाळा. मीच तर सांगितलं..."

"तुमी सांगायच्या आदी मी तार धरली व्हती. मला लाल दिसली. तुमी फडकं घेऊन आलात, तव्हा मी तुमाला म्हणले, दादा, लाल दिसून राहिली. तुमी म्हणलात, तुला काय कळतंय, बेरियम हाय, हिरवी लिव."

मामांना आठवेना. कितीही आठवलं तरी आठवेना. तो दिवस त्यांच्यासाठी दरवर्षीसारखाच एक दिवस होता.

"मी हिरवी लिवली," उज्वला म्हणाली. "नांदेडला नळीत मला समदं दिसायचं, दादा. निळं दिसायचं, पिवळं दिसायचं. पर वाटायचं, आपल्याला दिसतंय ते चूकच आसंल. शेजारच्या पोरीचं बगून लिवायची. तिचं चुकलं की माजं बी चुकायचं. मी समजून बसले, माजे डोळेच खोटे हाईत."

मामांनी हात जोडले. बापानं लेकीला हात जोडायचे नसतात आपल्याकडं, पण त्यांनी जोडले. तिनं ते धरून खाली केले. मग तिनं विचारलं, "त्या पोरीला कुणी म्हणलं का, हिरवी लिव म्हणून?"

"म्हणले की. समदेच म्हणले. मी बी आदल्या दिशी म्हणलोच व्हतो."

"मंग?"

"तिनं लालच ठिवलं."

उज्वलानं सूप बाजूला सारलं, पदर तोंडाला लावला आणि रडायला लागली. मामा तिच्याजवळ ओसरीवर बसून राहिले.